अंदाजाला अंदाज म्हणा: पर्जन्यजलवाहिन्यांच्या मॉडेलमधील गहाळ आकड्यांविषयी खुले पत्र

प्रति,
राज्यातील महानगरपालिकांच्या पर्जन्यजलवाहिनी विभागांतील अभियंते
आणि त्यांच्यासाठी वाहिन्यांची मॉडेल तयार करणारे सल्लागार यांस,

विषय : मॉडेलमध्ये अंदाजाने भरलेल्या आकड्यांची वेगळी नोंद ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

शहरात कोणत्या रस्त्याखालची वाहिनी बदलायची, उदंचन केंद्रात किती क्षमतेचे पंप बसवायचे, कोणता नाला आधी रुंद करायचा, हे निर्णय आता बहुतेक वेळा संगणकावरच्या मॉडेलने काढून दिलेला नकाशा समोर ठेवून होतात. अशी मॉडेल तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. नकाशावर जिथे गडद निळा रंग दिसतो तिथे पाणी तुंबणार आणि जिथे रंग नाही तिथे रस्ता कोरडा राहणार, असे बैठकीतले सर्वजण गृहीत धरतात. परंतु त्या रंगामागच्या वाहिन्यांपैकी कितींचा व्यास कोणी प्रत्यक्ष मोजला होता आणि कितींचा टेबलापाशी बसून भरला होता, हा प्रश्न सहसा निघत नाही, कारण नकाशावर त्याची खूणच नसते. हे पत्र त्या खुणेसाठी आहे. गहाळ आकडे अंदाजाने भरावेच लागतात आणि ते काम मन लावून केले तर चांगले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी विनंती एवढीच आहे की अंदाजाने भरलेला आकडा मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत निमूटपणे बसवण्याची पद्धत आपण थांबवावी.

एका नळासाठी मॉडेलला फार काही लागत नाही. तो कोणत्या मॅनहोलपासून कोणत्या मॅनहोलपर्यंत जातो, त्याची लांबी, आकार, व्यास, आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि दोन्ही टोकांची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे नळाच्या आतल्या तळाची पातळी, एवढे मिळाले की अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे १९७१पासून चालत आलेले आणि कोणालाही विनामूल्य मिळणारे ‘एसडब्ल्यूएमएम’ हे सॉफ्टवेअरसुद्धा पावसाचे पाणी त्या नळातून क्षणाक्षणाला कसे वाहील ते सोडवून दाखवते. अडचण अशी की आपल्या शहरांच्या जुन्या भागांत हे सात-आठ आकडे एका ठिकाणी कुठेच नसतात. ट्रेसिंग पेपरवरचा नकाशा एका कार्यालयात असतो, मोजमाप पुस्तक दुसऱ्या कार्यालयात, आणि बरीचशी माहिती निवृत्त झालेल्या मुकादमाच्या डोक्यात असते. मुंबई शहर भागातल्या बंदिस्त वाहिन्यांचे जाळे तर शंभर वर्षांहून जुने. त्यात विटांच्या कमानी आहेत, ढापे म्हणजे वरून झाकलेली गटारे आहेत, आणि पुढे निरनिराळ्या दशकांत जोडलेले ह्यूम पाईप (काँक्रीटचे गोल नळ) व बॉक्स ड्रेन (चौकोनी वाहिन्या) आहेत. मॉडेलला मात्र रिकामी जागा चालत नाही. एखादा आकडा नसला तर गणित सुरू होत नाही, किंवा सॉफ्टवेअर स्वतःचा ठरलेला आकडा धरून पुढे जाते. म्हणून कोणीतरी, बहुधा संघातला सर्वांत तरुण अभियंता, मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात त्या जागा भरतो.

एका शहराच्या कामात मला पूर्वी तयार झालेल्या मॉडेलची फाईल मिळाली होती. ती उघडल्यावर शेकडो मॅनहोलची खोली नेमकी १.२० मीटर दिसली. कोणीतरी रस्त्याची पातळी घेतली होती, त्यातून सरसकट १.२० मीटर वजा केले होते आणि मिळालेल्या आकड्याला इन्व्हर्ट लेव्हल म्हटले होते. त्यामुळे रस्ता जसा चढत-उतरत गेला होता तसाच जमिनीखालचा नळही चढत-उतरत गेला होता, आणि मॉडेलमधले पाणी प्रत्येक चढापाशी अडून रस्त्यावर येत होते. मी तो नकाशा घेऊन प्रत्यक्ष फिरले, तेव्हा ज्या चौकात मॉडेल गुडघाभर पाणी दाखवत होते तिथल्या लोकांनी इथे कधीच पाणी भरत नाही असे सांगितले. आणि नकाशावर कोरड्या दिसणाऱ्या एका गल्लीत दुकानदारांनी दाराच्या चौकटींना लाकडी फळ्या अडकवण्यासाठी खाचा करून घेतल्या होत्या. त्या खाचा मी विसरू शकलेले नाही. दरवर्षी जूनमध्ये त्या माणसांना जे ठाऊक असते ते आमच्या फाईलमध्ये नव्हते, आणि जे आमच्या फाईलमध्ये होते त्याचा त्या गल्लीशी काही संबंध नव्हता. तो १.२० चा आकडा भरणाऱ्या व्यक्तीला मी दोष देत नाही. त्याने अंदाज केला, पण तो अंदाज आहे हे लिहून ठेवण्यासाठी त्याला फाईलमध्ये जागाच दिलेली नव्हती.

अंदाज थोडाफार चुकला तर काय बिघडते, असे काहींना वाटू शकेल. ते कोणत्या आकड्यावर अवलंबून आहे. पूर्ण भरून वाहणाऱ्या गोल नळाची क्षमता, प्रवाह काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रानुसार, व्यासाच्या ८/३ घाताच्या प्रमाणात वाढते, तर उताराच्या फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. उतार २० टक्के जास्त धरला तर क्षमता जेमतेम १० टक्के जास्त निघते. पण व्यास १० टक्के जास्त धरला की क्षमता २९ टक्के जास्त निघते, आणि प्रत्यक्षात ४५० मिलिमीटरचा असलेला नळ ६०० मिलिमीटरचा धरला तर क्षमता दुपटीहून अधिक होते. खडबडीतपणाचा गुणांक ०.०१३ ऐवजी ०.०१५ घेतल्याने होणारा फरक १३ टक्क्यांच्या आसपास असतो. तरीही माझ्या पाहण्यात आलेल्या कित्येक अहवालांत त्या गुणांकावर दोन-दोन पाने चर्चा असते आणि व्यास कुठून आले याबद्दल एक ओळही नसते.

व्यास गहाळ असेल तर तो काढायचा कसा, याचे एक उत्तर असे दिले जाते की त्या नळावर येणारे पाणलोट क्षेत्र मोजावे, पावसाची तीव्रता घ्यावी, प्रवाह काढावा आणि तो वाहून नेईल असा बाजारात मिळणारा व्यास निवडावा. ही पद्धत मुळात योग्य आहे, कारण तो नळ टाकणाऱ्या अभियंत्यानेही कधीकाळी हेच केले होते. पण त्याने ते त्याच्या काळच्या निकषांनी केले होते, आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते. मुंबईतल्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातले निम्मे पाणी वाहून येते, या हिशेबाने बांधलेल्या होत्या. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांविषयीच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची आणि शहर काँक्रीटने झाकले गेल्यामुळे जवळजवळ सगळेच पाणी वाहून येईल असे धरण्याची शिफारस केली. आता ४ हेक्टर पाणलोटाची एक गल्ली घ्या, नळाचा उतार ३०० मीटरला १ मीटर धरा. जुन्या निकषाने प्रवाह सेकंदाला सुमारे ०.१४ घनमीटर येतो आणि ४५० मिलिमीटरचा नळ पुरतो. नव्या निकषाने प्रवाह सुमारे ०.५६ घनमीटर येतो, त्याला ७०० मिलिमीटरचा नळही किंचित अपुरा पडतो, म्हणून ८०० मिलिमीटरचा घ्यावा लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नळाचा गहाळ व्यास आजच्या निकषाने भरणारा अभियंता जमिनीखालच्या ४५० च्या जागी कागदावर ८०० लिहितो आणि त्या नळाला साडेचारपटीहून अधिक क्षमता बहाल करतो. मग मॉडेल चालवले की ती गल्ली कोरडी दिसते, सुधारणेच्या यादीतून वगळली जाते, आणि माहिती नसल्याची शिक्षा त्या गल्लीतल्या लोकांना आणखी काही पावसाळे भोगावी लागते. अंदाज करायचाच असेल तर नळाचे वय आधी शोधा. इमारतींच्या परवानग्यांच्या तारखा, वसाहतीचा अभिन्यास (लेआउट) मंजूर झाल्याचे वर्ष, शेजारच्या मोजलेल्या नळाचा साचा, यांतून दशक तरी नक्की कळते. देशात मेट्रिक मापे १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीचा नळ १८ इंचांचा, म्हणजे ४५७ मिलिमीटरचा असू शकतो, आणि अशा विषम आकड्याला ‘टंकलेखनातली चूक’ समजून ५०० करून टाकणे ही माहिती सुधारणे नव्हे.

पातळ्यांचा प्रश्न व्यासाहूनही नाजूक आहे. ३० मीटर अंतरावरच्या दोन मॅनहोलमध्ये ३०० ला १ या उताराने नळ १० सेंटीमीटर उतरतो. विमानातून लेझरने केलेल्या चांगल्या सर्वेक्षणातही जमिनीच्या पातळीत साधारण तेवढीच चूक राहते. उपग्रहावरून मिळणाऱ्या मोफत उंचीनकाशांत ती काही मीटरची असते. म्हणजे ज्या आकड्यावरून नळाचा तळ काढायचा त्याची चूकच नळाच्या संपूर्ण उताराएवढी किंवा त्याच्या कित्येक पट असते. शिवाय जुन्या नकाशावर लिहिलेली खोली ही त्या काळच्या रस्त्यापासून मोजलेली असते. त्यानंतर त्याच रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, जुन्या घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली, मॅनहोलची झाकणे वर घेण्यात आली. आजच्या रस्त्याच्या पातळीतून जुनी खोली वजा केली तर नळाचा तळ आहे त्यापेक्षा वर निघतो, आणि किती वर ते गल्लीगल्लीला वेगळे असते. एकाच नळाचे एक टोक जुन्या नकाशावरून आणि दुसरे नव्या सर्वेक्षणावरून भरले गेले, तर नळ उलट्या दिशेने उतरू लागतो. आणि बऱ्याचदा मॉडेल तयार करणारा हा उलटा उतार पाहून दोन्ही टोके थोडी थोडी ‘जुळवून’ घेतो. जुळवलेल्या त्या दोन आकड्यांपैकी एक मोजलेला होता, हे त्या क्षणी पुसले जाते.

मुंबईत याला आणखी एक पदर आहे. पालिकेच्या जुन्या नकाशांवरच्या पातळ्या टाऊन हॉल डेटम या स्थानिक आधारपातळीपासून मोजलेल्या आहेत, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पातळ्या सरासरी समुद्रसपाटीपासून, आणि भरती-ओहोटीचे तक्ते सागरी नकाशाच्या शून्यापासून, जे सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. शहराची १८६ पातमुखे, म्हणजे वाहिन्यांची शेवटची तोंडे, समुद्रात आणि खाड्यांत उघडतात आणि त्यांपैकी बहुतेक भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी बाहेर जाईल की आत येईल हे पातमुखाच्या इन्व्हर्ट लेव्हलवर ठरते, आणि तिथे एका शून्यावरून दुसऱ्या शून्यावर येताना झालेली चूक सगळ्या पाणलोटाचे उत्तर बदलून टाकते. हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या भागातले पाणी काही वेळ साठवून ठेवण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधाव्या लागल्या. अशा ठिकाणी पाणी कुठून कुठे वळते हे सेंटीमीटरांवर अवलंबून असते. पातळीच्या प्रत्येक आकड्याजवळ ती कोणत्या शून्यापासून, कोणत्या वर्षी आणि कशाने मोजली हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा अर्धाच आहे असे मी मानते.

गहाळ आकडे भरण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आणि कंपन्यांच्या अंतर्गत पद्धतींत काही नियम रूढ आहेत. दोन ज्ञात मॅनहोलमधल्या अज्ञात मॅनहोलचा तळ सरळ रेषेत काढावा. खालच्या बाजूचा नळ वरच्या बाजूच्या नळापेक्षा लहान नसावा. दोन वेगळ्या व्यासांचे नळ भेटतात तिथे त्यांचे माथे एका पातळीत धरावेत. नळावर किमान अमुक इतकी माती असावी. हे सगळे चांगल्या बांधकामाचे नियम आहेत आणि बहुतेक ठिकाणी जमिनीखालीही ते पाळलेले असतात. पण पाणी तुंबते ते ‘बहुतेक ठिकाणी’ नव्हे. ते तिथे तुंबते जिथे ९०० च्या नळाला पुढे ६०० चा जोडला गेला, कारण त्या आठवड्यात तेवढाच उपलब्ध होता. जिथे मधून गेलेल्या पाण्याच्या मोठ्या वाहिनीला वाट देण्यासाठी नळ वर उचलला गेला. जिथे रेल्वेखालची जुनी मोरी आहे तशीच राहिली. अशा जागा गहाळ असल्या आणि आपण त्या सर्वसाधारण नियमाने भरल्या, तर ज्या दोषासाठी मॉडेल तयार केले तोच दोष आपण आपल्या हाताने दुरुस्त करून टाकतो, तेही फक्त संगणकात. या पत्रातले एकच वाक्य कोणाच्या लक्षात राहणार असेल तर ते हे राहावे अशी माझी इच्छा आहे. नियमाने भरलेला नळ हा ‘तो जसा असायला हवा होता’ तसा असतो, आणि जमिनीखालचा नळ कसा आहे याविषयी तो काहीही सांगत नाही.

अलीकडे हेच काम यंत्रशिक्षणाने (मशीन लर्निंगने) करण्याचे प्रस्ताव येऊ लागले आहेत. ज्ञात नळांची लांबी, वय, ठिकाण, शेजारचे व्यास, जमिनीचा उतार हे सगळे शिकवून अज्ञात नळांचा व्यास संगणकाकडून वर्तवून घ्यायचा आणि पद्धत किती बरोबर आहे हे दाखवण्यासाठी काही ज्ञात नळ मुद्दाम झाकून ठेवून तपासायचे, अशी ती रीत आहे. मी स्वतः ती वापरली आहे आणि उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. मात्र तिच्या यशाच्या टक्केवारीकडे बघताना एक गोष्ट विचारली पाहिजे. आपल्याकडे माहिती सगळीकडे सारखी गहाळ झालेली नाही. नव्याने काँक्रीट केलेल्या मोठ्या रस्त्यांची माहिती असते. गावठाण, जुनी पेठ, गल्ल्या, वस्त्यांमधले नाले यांची नसते. झाकून तपासलेले नळ ज्ञात भागातले, म्हणजे मोठ्या रस्त्यांवरचे, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी उघडेच असतात. तिथे मिळालेले यश पेठेतल्या अनोळखी नळांना लागू होईल असे मानण्याला काहीच आधार नाही. तपासणी करायची तर एकेक सुटा नळ न झाकता पूर्ण मोहल्ला झाकावा, आणि शक्य असेल तर ज्या भागाची माहिती सर्वांत कमी आहे तिथले पंचवीस-तीस मॅनहोल उघडून प्रत्यक्ष मोजून संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावेत. अशी तपासणी न करता दिलेली टक्केवारी अहवालात छापू नये.

मग करावे काय, याचे उत्तर अवघड नाही आणि फारसे खर्चिकही नाही. प्रत्येक आकड्याजवळ त्याचे मूळ सांगणारी खूण ठेवावी: प्रत्यक्ष मोजला, बांधकामानंतरच्या नकाशावरून घेतला, संकल्पनाच्या (डिझाइनच्या) नकाशावरून घेतला, शेजारच्या दोन आकड्यांमधून काढला, जुन्या निकषाने संकल्पन करून काढला, किंवा केवळ गृहीत धरला. इन्फोवर्क्ससारख्या विकत घ्याव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रकान्याला अशी खूण लावण्याची सोय आधीपासून आहे; एसडब्ल्यूएमएममध्ये नळाला नावापलीकडे वर्णन आणि टॅग जोडता येतो आणि तेवढ्यावरही काम भागते. मूळ आकडा पुसून त्यावर नवा कधीही लिहू नये, दोन्ही ठेवावेत.

त्यापुढची पायरी अशी की अंदाजाने भरलेल्या आकड्यासाठी एकच किंमत न देता तिची शक्य असलेली व्याप्ती द्यावी. तो नळ ४५० चा असण्याची शक्यता जास्त, ६०० चा असण्याची थोडी, ३०० चा असण्याची अगदी थोडी, असे मांडता येते. मग संगणकाकडून एका जाळ्याऐवजी पाचशे जाळी तयार करून घ्यावीत, प्रत्येकात अज्ञात आकडे त्या त्या व्याप्तीतून वेगळे निवडलेले, आणि सर्वांवर तोच पाऊस पाडावा. आजच्या साध्या संगणकालाही एका पाणलोटासाठी हे काम काही तासांत जमते. पाचशेपैकी जवळजवळ सर्व जाळ्यांत जो चौक बुडतो त्यासाठी निविदा काढायला हरकत नाही, कारण गहाळ आकडे काहीही असले तरी तो बुडणारच आहे. काही जाळ्यांत बुडणारा आणि काहींत न बुडणारा चौक मात्र बांधकामाची वाट पाहू शकतो. तिथे आधी सर्वेक्षणाची माणसे पाठवायला हवीत, आणि कोणता एक मॅनहोल मोजला तर ती अनिश्चितता सर्वांत जास्त कमी होईल हेही तीच पाचशे जाळी सांगतात. सगळे शहर मोजायला पैसा आणि वेळ नसतो हे मला मान्य आहे. म्हणूनच काय मोजायचे ते मॉडेलला विचारून ठरवावे असे मी म्हणते.

प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहाशी किंवा पाण्याच्या पातळीशी मॉडेल जुळवून घेतले की अंदाजांची चूक आपोआप निघून जाते, असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. अर्धा गाळाने भरलेला ६०० चा नळ आणि स्वच्छ पण लहान नळ यांच्या वरच्या बाजूला पाण्याची पातळी अगदी सारखी चढू शकते. खडबडीतपणा वाढवून चुकीचा व्यास झाकता येतो. एका पावसाशी असे जुळवलेले मॉडेल त्या पावसापुरते बरोबर दिसते आणि गाळ काढल्यावर, किंवा पाऊस वेगळ्या बाजूने आल्यावर, पुन्हा चुकते. जुळवणी करायचीच असेल तर किमान गाळाची खोली तरी मोजलेली असावी.

आणि मोजण्याची संधी आपल्याकडे दरवर्षी येते. पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्यासाठी हजारो मॅनहोल उघडले जातात. त्या वेळी झाकण उघडले आहे, माणसे तिथे आहेत, गाडी उभी आहे. झाकणाच्या कडेपासून गाळाच्या वरच्या थरापर्यंतची खोली, गाळ काढल्यानंतर तळापर्यंतची खोली, येणाऱ्या आणि जाणाऱ्या नळांचा व्यास व दिशा, आणि एक छायाचित्र, एवढ्या नोंदींना वर उभे राहून पट्टी आणि दांड्याला लावलेला कॅमेरा पुरतो. यासाठी कोणालाही आत उतरवू नये, हे मी विशेष ठामपणे लिहिते आहे. आपल्या पावसाळी वाहिन्यांत सांडपाणीही मिसळलेले असते, आत विषारी वायू साठलेले असतात, आणि मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगारांचे मृत्यू हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानंतरही थांबलेले नाहीत. ज्यासाठी कोणी जीव धोक्यात घालावा असा माझ्या मॉडेलमध्ये एकही आकडा नाही. जिथे वरून दिसत नाही तिथे तो आकडा अंदाज म्हणूनच राहू द्यावा आणि तशी खूण लावावी. झाकणाची पातळी नंतर सर्वेक्षकाने उपकरणाने घेतली की तळाची पातळी वजाबाकीने मिळते, आणि ती आजच्या रस्त्यापासून मोजलेली असल्यामुळे डांबराच्या थरांचा गोंधळही उरत नाही. रस्त्याच्या काँक्रिटीकरणासाठी किंवा केबलसाठी चर खणला जातो तेव्हाही जुनी वाहिनी काही दिवस उघडी पडते. ती बुजवण्याआधी एक माप घेणे ही कंत्राटाची अट असायला हवी.

ज्यांनी ही कामे वर्षानुवर्षे केली त्या मुकादमांना आणि कामगारांनाही या मोजणीत स्थान द्यावे. कोणत्या मॅनहोलमध्ये भरतीला पाणी उलटे येते, कोणता नळ पुढे इमारतीखाली गेला आहे, कोणत्या गल्लीत नकाशावर नसलेला ढापा आहे, हे त्यांना पाठ असते. मी एका वॉर्डात दोन दिवस एका ज्येष्ठ मुकादमांबरोबर फिरले आणि नकाशावर एकमेकांना न जोडलेले वाहिन्यांचे दोन भाग प्रत्यक्षात कुठे जोडले जातात ते त्यांनी काठीने दाखवले. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. पुढे एका ठिकाणी झाकण उघडून पाहिले तेव्हा ते बरोबर निघाले. अशा सांगण्याला ‘मोजलेला’ म्हणता येणार नाही, पण ‘माहीतगाराने सांगितलेला’ अशी स्वतंत्र खूण त्यासाठी असावी, आणि कार्यालयात बसून केलेल्या अंदाजापेक्षा तिचे वजन जास्त धरावे. ती माणसे निवृत्त होण्याआधी हे व्हायला हवे.

सल्लागार मित्रांना मला वेगळे सांगायचे आहे. अहवालात ‘वाहिन्यांची माहिती महानगरपालिकेकडून प्राप्त’ असे एक वाक्य लिहून आपली जबाबदारी संपते असे आपण मानत आलो आहोत. तिथे एक तक्ता द्यावा: एकूण लांबीपैकी किती लांबीचा व्यास मोजलेला, किती नकाशावरून, किती अंदाजाने, तळाच्या पातळ्यांचे तसेच. निविदेत याची मागणी नसली तरी द्यावा. पूरनकाशावर अंदाजावर उभ्या असलेल्या भागांना वेगळी रेघ मारावी, म्हणजे बैठकीत बसलेल्या नगरसेवकालाही कळेल की इथला कोरडेपणा तपासायचा बाकी आहे. असा नकाशा कमी देखणा दिसतो आणि त्यावर प्रश्न जास्त विचारले जातात, हे मला अनुभवाने माहीत आहे. ते प्रश्न विचारले जावेत यासाठीच तो नकाशा असतो.

विभागांतील अभियंत्यांना माझी विनंती आहे की पुढच्या निविदेत तीन अटी घालाव्यात. प्रत्येक आकड्याला मुळाची खूण असावी. मॉडेलची मूळ फाईल, छापील अहवालाबरोबर, पालिकेच्या ताब्यात द्यावी. आणि तीत पुढे झालेली प्रत्येक दुरुस्ती दिनांकासह नोंदवली जावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कोणतीच वाहिनी पुरी पडली नसती. पण आपल्या शहरांना दरवर्षी छळतो तो तासाला चाळीस-साठ मिलिमीटरचा पाऊस, आणि त्या पावसात अमुक गल्ली बुडेल की नाही हे एखाद्या नळाच्या व्यासावर ठरू शकते. तो व्यास आपल्याला माहीत आहे की आपण तो मानला आहे, एवढे तरी आपल्याला सांगता आले पाहिजे.

गाळ काढण्याच्या कामांची कंत्राटे पुढील हंगामासाठी निघण्याआधी वर सांगितलेल्या नोंदींचा एक पानी नमुना तयार करून पाहायचा असेल, तर मी तो विनामूल्य तयार करून द्यायला आणि पहिल्या शंभर मॅनहोलच्या वेळी स्वतः हजर राहायला तयार आहे.

आपली विश्वासू,
पर्जन्यजलवाहिन्यांची मॉडेल तयार करणारी एक अभियंता